किल्ली कोणाच्या हाती?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपल्या जिल्ह्यात अभिमानाने आणि जिल्ह्याबाहेर थट्टेने उच्चारली जाते. म्हणीत यमक आहे; तथ्य किती, याचा हिशेब कोणी मांडीत बसत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत या दोन नावांची एक प्रत्यक्ष गाठ पडली आहे आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात आलेली नाही. परभणीच्या मोंढ्यातील अडत दुकानात, मानवत-सेलूच्या जिनिंगमध्ये, गंगाखेडच्या पतसंस्थेत किंवा जिंतूरच्या एखाद्या शाळेच्या कचेरीत संगणक अडून बसला, की कारकून पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला फोन लावतो. पलीकडचा तंत्रज्ञ पडद्यावरील नऊ-दहा आकडी क्रमांक विचारतो. कारकून तो वाचून दाखवितो. मग खुर्चीवरील माणसाने हातही न लावता पडद्यावरील बाण फिरू लागतो, खतावण्या उघडतात, मिटतात, आणि दहा मिनिटांत काम मार्गी लागते. ही किमया करणारी जी दोन सॉफ्टवेअर आपल्याकडे सर्वांत परिचित आहेत, त्यांपैकी एनीडेस्क हे स्टुटगार्टचे आणि टीमव्ह्यूअर हे त्याच शहराजवळच्या गोपिंगेनचे. दोन्ही जर्मनीचीच.

ही सोय वाईट आहे, असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ज्या जिल्ह्यापासून पुणे एका रात्रीच्या प्रवासावर आहे आणि जेथे प्रत्येक तालुक्याच्या गावी जाणकार तंत्रज्ञ मिळेलच अशी खात्री नाही, तेथे दुरून संगणक हाताळता येणे ही चैन नसून गरज आहे. विवरणपत्र भरण्याची अखेरची तारीख उद्यावर आलेली असताना तंत्रज्ञ रेल्वेने येईपर्यंत कोण थांबणार? प्रश्न सोयीचा नाही. प्रश्न असा आहे, की आपल्या कचेरीची किल्ली आपण रोज दूरध्वनीवरून वाचून दाखवितो. ती कोणाच्या हाती जाते, किती वेळ राहते आणि काम संपल्यावर परत येते की नाही, याची नोंद कोणाजवळ आहे?

दार आणि राखणदार

या व्यवहारात दोन निरनिराळ्या वस्तू विकत घ्याव्या लागतात आणि त्यांची बहुधा गल्लत होते. पहिली म्हणजे दूरस्थ प्रवेशाचे सॉफ्टवेअर. ते दार उघडून देते. दुसरी म्हणजे संगणकाच्या सुरक्षिततेचे सॉफ्टवेअर, ज्यास आपण सरसकट ‘अँटीव्हायरस’ म्हणतो. ते दाराशी राखण करते. पहिले घेताना मालक विचारतो, ‘फुकट मिळते ना?’ दुसरे घेताना विचारतो, ‘सर्वांत स्वस्त कोणते?’ दोन्ही प्रश्न व्यवहारी आहेत, पण पुरेसे मुळीच नाहीत.

दार आणि राखणदार यांचा एकमेकांशी असलेला संबंध लक्षात घेतला पाहिजे. दूरस्थ प्रवेशाचे सॉफ्टवेअर हे चोराचे हत्यार नसून प्रतिष्ठित कंपनीचे, रीतसर स्वाक्षरी असलेले सॉफ्टवेअर असते. म्हणून राखणदार त्यास अडवीलच असे नाही. एखादा भामटा बँकेचा अधिकारी म्हणून बोलला, कारकुनाने भोळेपणाने क्रमांक सांगितला आणि ‘परवानगी द्या’ या चौकटीवर बोट ठेवले, तर चोर घरात शिरतो तो पाहुण्याच्या वेषात. त्याला आत घेणारा घरातलाच असल्यामुळे राखणदार गप्प राहतो. २०१९ च्या फेब्रुवारीत रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचे नाव घेऊन बँकांना याच प्रकाराबद्दल सावध केले होते. दोष त्या सॉफ्टवेअरमध्ये नव्हता. किल्ली परक्याच्या हाती देण्यात होता.

आसपासचे दाखले

हे सारे मोठ्या शहरांचे दुखणे आहे, आपल्या खेड्यापाड्यांना त्याची झळ कशाला लागेल, असे समजणाऱ्यांनी आसपास नजर टाकावी. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून २०१८ च्या ऑगस्टमध्ये, ११ आणि १३ तारखेस, सुमारे ९४ कोटी रुपये गेले. बँकेच्या एटीएम यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर शिरले आणि बनावट कार्डांनी २८ देशांतील यंत्रांतून रोकड निघाली. बँक पुण्याची, पैसे ठेवीदारांचे आणि चोर जगभर विखुरलेले. शतकाहून अधिक परंपरा असलेल्या मोठ्या बँकेची ही गत झाली.

आपल्या पूर्वेस नांदेड. तेथील शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून २०२१ च्या जानेवारीत सुमारे साडेचौदा कोटी रुपये परस्पर इतर खात्यांत वळते झाले. परभणीहून नांदेड काही दूर नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणास घरी परततो. २०२४ च्या जुलैअखेर सी-एज या तंत्रसेवा पुरविणाऱ्या एकाच कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला आणि तिच्यावर विसंबून असलेल्या सुमारे तीनशे लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार थांबवावे लागले. या बँकांपैकी बहुतेक सहकारी आणि ग्रामीण होत्या. घाव एकीवर झाला आणि दारे तीनशेंची बंद झाली, कारण दुरून सेवा देणारा हात सर्वांचा एकच होता.

आपल्या पश्चिमेस जालना. अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांसाठी आलेल्या अनुदानातील सुमारे पंचवीस कोटी रुपयांच्या गैरव्यवहाराचे प्रकरण २०२५ साली गाजले. वरिष्ठांचे लॉगिन आणि पासवर्ड हाताखालच्या माणसांनी वापरल्याची बाब त्याच्या चौकशीत पुढे आली. येथे कोणी परदेशी भामटा नव्हता आणि घातक सॉफ्टवेअरही नव्हते. पंचवीस कोटींची वाट मोकळी होण्यास किल्ली दुसऱ्याच्या हाती असणे एवढेच पुरले. जगातील कोणताही अँटीव्हायरस या चोरीस अटकाव करू शकला नसता.

या चारही घटनांची तांत्रिक कारणे वेगवेगळी आहेत आणि ती एका दावणीला बांधणे योग्य होणार नाही. परंतु त्यांच्यात एक साम्य आहे. ज्याच्या नावाने व्यवहार होत होता, त्याला तो आपल्या नावाने कोण करीत आहे हे त्या क्षणी दिसत नव्हते. सॉफ्टवेअरची निवड करताना विचारावयाचा पहिला प्रश्न यातूनच निघतो. कोणते सॉफ्टवेअर उत्तम, हा तो प्रश्न नव्हे. कोण आत आले आणि काय करून गेले, हे मला कोणते सॉफ्टवेअर दाखवील, हा तो प्रश्न होय.

निवडीची कसोटी

या कसोटीवर घासून पाहिले, की जाहिरातींतील बराचसा झगमगाट आपोआप गळून पडतो. दूरस्थ प्रवेशाचे सॉफ्टवेअर घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रत्येक भेटीची नोंद राहते काय: कोणत्या खात्यावरून, किती वाजता, किती वेळ. जुन्या पेढीवर रोजमेळाशिवाय दिवस मिटत नसे. ही नोंद म्हणजे दाराचा रोजमेळ आहे. दुसरी, पासवर्डाखेरीज आणखी एक खूण मागितली जाते काय. नुसता पासवर्ड हा बाजारात ऐकू गेलेला शब्द असतो. मोबाइलवर येणारा दुसरा संकेत असल्यास चोरलेला शब्द एकटा कामास येत नाही. तिसरी, ठरावीक संगणकांखेरीज इतर कोणासही प्रवेश नाही, असे बंधन घालता येते काय. आणि चौथी, कोणी समोर नसतानाही आत येऊ देणारा कायमचा पासवर्ड बंद ठेवता येतो काय. हा कायमचा पासवर्ड तंत्रज्ञांच्या सोयीसाठी ठेवला जातो. तंत्रज्ञ नोकरी सोडून जातो. पासवर्ड मागे तसाच राहतो. किती कचेऱ्यांत गेल्या पाच वर्षांत येऊन गेलेल्या सर्व तंत्रज्ञांच्या हाती आजही चालणारी किल्ली असेल, याचा ज्याचा त्याने विचार करावा.

फुकट मिळणाऱ्या आवृत्तीबद्दलही स्पष्ट बोलावयास हवे. एनीडेस्क काय किंवा टीमव्ह्यूअर काय, त्यांच्या फुकट आवृत्त्या व्यक्तिगत उपयोगापुरत्या असतात. धंद्यासाठी त्या वापरणे हा कराराचा भंग होय. शिवाय नोंदी, निर्बंध, अधिकारांची वाटणी या ज्या सोयी संस्थेस हव्यात, त्यांचा मोठा भाग पैसे देणाऱ्यासच मिळतो. जर्मनीखेरीज पर्याय नाहीत असेही नव्हे. चेन्नईच्या झोहो कंपनीचे अशा कामाचे सॉफ्टवेअर आहे. विंडोजमध्येही दुरून प्रवेशाची अंगभूत सोय असते. मात्र ही अंगभूत सोय इंटरनेटवर थेट उघडी टाकणे म्हणजे दुकानाचे मागचे दार सताड उघडे ठेवून पुढच्या दारास मोठे कुलूप लावणे होय. अशी उघडी दारे हुडकणारी यंत्रे अहोरात्र फिरत असतात आणि त्यांना परभणी व पॅरिस सारखेच.

सुरक्षिततेच्या सॉफ्टवेअरबाबत महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी एक कथा आहे. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामापासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी १९९० च्या दशकात क्विक हील उभे केले आणि ते देशभर पसरले. मराठी माणसाच्या उद्योगाचे कौतुक अवश्य करावे. परंतु खरेदी कौतुकावर करू नये. राखणदार देशी असो वा परदेशी, त्यास विचारावयाचे प्रश्न तेच. सर्व संगणकांची स्थिती एका जागी पाहता येते काय? कारकुनाने कंटाळून राखण बंद केली तर मालकास कळते काय? अडचण आल्यास आपल्या भाषेत बोलणारा माणूस फोनवर भेटतो काय? विंडोजबरोबर येणारा डिफेंडर हा राखणदारही लहान दुकानास निरुपयोगी नाही. चोरीच्या किल्लीने चालविलेल्या महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा तो कितीतरी बरा. राखणदारच चोरून आणल्यावर त्याच्या इमानाची खात्री कोणी द्यावी?

आणि राखणदार कितीही जागरूक असला, तरी घराची भिंतच पोखरलेली असेल तर तो काय करणार? २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर सॉफ्टवेअरने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला. ज्या भगदाडातून ते शिरले, ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये, दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही ते सापडले. आज विंडोज १० ची सर्वसाधारण मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आहे. मुदतवाढीची वेगळी व्यवस्था न करता जे संगणक त्यावरच चालले आहेत, त्यांच्या भिंतींची डागडुजी थांबली आहे. नवा राखणदार नेमण्यापूर्वी जुनी भिंत पाहावी, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

राखणदाराची राखण

येथे आणखी एक सावधगिरी हवी. राखणदारास घरातील सर्व खोल्यांत फिरण्याची मुभा असते. म्हणून त्याची चूकही साऱ्या घरास भोवते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या नामांकित अमेरिकी सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष दुरुस्तीने जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पाडले. आपल्या देशातील विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास देण्याची वेळ आली. तेथे चोर कोणीच नव्हता. दाराच्या बाबतीतही तेच. एनीडेस्कच्या स्वतःच्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे त्या कंपनीनेच २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केले. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरनेही आपल्या अंतर्गत जाळ्यातील घुसखोरी मान्य केली. कुलपे बनविणाऱ्याच्याच दुकानात चोर शिरू शकतो, तर कोणत्याही एका कुलपावर सर्वस्वी विसंबणे शहाणपणाचे नव्हे.

यावरचा उपाय जुनाच आहे. हिशेबाची एक प्रत निराळ्या डिस्कवर रोज घ्यावी आणि ती डिस्क संगणकापासून काढून कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे, कारण खंडणीखोर तिलाही कुलूप लावतो. आणि अधूनमधून ती प्रत उघडून पाहावी. आग लागल्यावर विहिरीत पाणी आहे काय हे पाहण्यात अर्थ नसतो. ज्याच्यापाशी कालची खतावणी सुखरूप आहे, त्यास खंडणीखोराशी घासाघीस करीत बसावे लागत नाही.

जोखीम कोणाची?

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडील लहान संस्थांत सॉफ्टवेअर निवडतो चेअरमन किंवा मालक. क्रमांक वाचून दाखवितो कारकून. दरपत्रकांतील सर्वांत कमी दर मंजूर होतो, तंत्रज्ञाशी लेखी करार होत नाही, नोंद ठेवण्याचा नियम नसतो. आणि विपरीत घडले, की चौकशीचे पहिले बोट क्रमांक सांगणाऱ्याकडे वळते. शाळेत वेतनाचे काम पाहणारा लिपिक, पतसंस्थेचा रोखपाल, अडत दुकानातील मुनीम यांना हा धोका चांगलाच ठाऊक आहे. मुख्याध्यापक किंवा सचिव आपला पासवर्ड त्यांच्या स्वाधीन करून निर्धास्त होतात. अधिकार नावावर एकाचा, हात दुसऱ्याचा आणि शिक्षा तिसऱ्याला, अशी ही व्यवस्था आहे. ती बदलणे हे सॉफ्टवेअरचे काम नाही. ते संस्था चालविणाऱ्यांचे काम आहे.

कायदा या बाबतीत आता पूर्वीसारखा गप्प नाही. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये सायबर घटनेची वर्दी सहा तासांच्या आत द्यावयाची आहे आणि यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपावयाच्या आहेत. नागरी सहकारी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने २०१८ च्या ऑक्टोबरातच सुरक्षिततेची किमान चौकट आखून दिली. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला असून त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले. त्यांतील मुख्य बंधने टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाची आहेत. माहितीच्या रक्षणात कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. परंतु ज्या पतसंस्थेत खेड्यातील शिक्षकाची निवृत्तीची रक्कम आणि शेतमजूर बाईची भिशी जमा असते, ती बँक नव्हे. म्हणून बँकांतील ठेवींना असलेले पाच लाखांपर्यंतचे विम्याचे कवच तिच्या ठेवींना नाही. जेथे संरक्षण सर्वांत कमी, तेथेच दार सर्वांत सैल, ही गोष्ट चिंता करण्याजोगी आहे.

‘आमच्यासारख्या लहान दुकानदाराला हा खटाटोप परवडावा कसा?’ असा प्रश्न येथे कोणी विचारील आणि तो रास्त आहे. एकट्याला परवडणार नाही, हे खरे. पण मराठवाड्याला एकट्याला न परवडणाऱ्या गोष्टी एकत्र येऊन उभ्या करण्याची सवय नवी नाही. सहकार याचाच अर्थ तो. तालुक्यातील दहा पतसंस्थांनी मिळून एक दूरस्थ प्रवेशाचा परवाना-संच घ्यावा, एक तंत्रज्ञ करारावर नेमावा आणि त्याच्या प्रत्येक भेटीची नोंद दुसऱ्याने तपासावी. मोंढ्यातील व्यापाऱ्यांच्या संघटनेस हे अशक्य नाही. ज्या जिल्ह्यात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत दरवर्षी तरुण शिकून बाहेर पडतात, तेथील मुलांना हे काम शिकविले, तर किल्ली पुण्यास पाठविण्याची गरजही कमी होईल आणि चार घरांत पगारही येईल. मात्र एक भान हवे: सेवा देणारा हात सर्वांचा एक झाला, की जोखीमही एकत्र होते, हे तीनशे बँकांच्या अनुभवाने दाखविले आहे. म्हणून खरेदी एकत्र असावी. पासवर्ड, प्रती आणि नोंदवह्या ज्याच्या त्याच्या वेगळ्या असाव्यात.

आणि ज्यांना यापैकी काहीच तूर्त शक्य नाही, त्यांना एक वही तर परवडेल. तारीख, वेळ, कोणाचा फोन आला, आपण फोन केला की त्याने केला, काम काय होते, संपर्क किती वाजता तोडला, आणि खाली अधिकाऱ्याची सही. आपण न बोलावलेल्या कोणासही क्रमांक सांगावयाचा नाही, बँकेच्या नावाने बोलणाऱ्यास तर मुळीच नाही, आणि काम चालू असताना खुर्ची सोडावयाची नाही, हे तीन नियम वहीच्या पहिल्या पानावर अधिकाऱ्याच्याच सहीने लिहिलेले असावेत. पैसे गेलेच, तर तत्काळ १९३० या क्रमांकावर वर्दी द्यावी. पहिल्या काही तासांत अडविलेली रक्कम परत मिळण्याची आशा असते. या वहीमुळे चोर घाबरेल असे नाही. पण दार कोणी उघडले आणि कोणाच्या हुकमाने उघडले, याचे उत्तर तीत सापडेल. आज ते उत्तर कोठेच नसते. म्हणून ते सर्वांत खालच्या माणसावर लादले जाते.

जुन्या गावांना वेस होती. दिवेलागणीनंतर वेस बंद झाली, की परक्याला नाव, गाव आणि काम सांगावे लागे. मगच तो आत येई. त्यात पाहुण्याचा अपमान नव्हता, गावाचा शहाणपणा होता. आता वेशी पडल्या आणि रस्ते मोठे झाले, ते उत्तमच झाले. स्टुटगार्टचे सॉफ्टवेअर गंगाखेडच्या पतसंस्थेत कामाला यावे, याचेही स्वागत आहे. मात्र नाव, गाव आणि काम विचारण्याचा हक्क आपण त्या सॉफ्टवेअरबरोबर विकून टाकलेला नाही. तो बजावण्याची जबाबदारी क्रमांक वाचणाऱ्या कारकुनाची जेवढी, त्याहून अधिक त्याला त्या खुर्चीवर बसविणाऱ्यांची आहे.